घर बांधताना अंगणाचाही हिशेब करा

(सामुदायिक रेडिओवर महिलांसाठीच्या कार्यक्रमात झालेले भाषण)



आज मी तुमच्याशी घराभोवतीच्या जागेविषयी बोलणार आहे. अंगण, परस, न्हाणीची मागची बाजू, कुंपणाची कड. आता तुमच्यातली एखादी म्हणेल, "मे महिन्यात प्यायला पाणी मिळत नाही आणि ही बाई बागेच्या गोष्टी सांगते." पण बाई, त्या मे महिन्यासाठीच मी हे सांगते आहे. जरा पाच-दहा मिनिटं ऐका.

आधी माझी स्वतःची चूक सांगते. आम्ही बोईसरजवळ दोन गुंठ्यांवर घर बांधलं. घर साधारण साठ चौरस मीटरचं, बाकी सगळी जागा मोकळी. घराचं काम संपत आलं तेव्हा काम करणारा म्हणाला, "वहिनी, सगळीकडे कोबा करून टाकू. चिखल नको, गवत नको, झाडायला सोपं." मला ते पटलं. पावसाळ्यात चिखलाने जीव नकोसा होतो, हे तुम्हाला काय सांगायचं. पायरीपासून फाटकापर्यंत कोबा झाला. फाटकाच्या दोन्ही बाजूंना शोभेची झाडं आणि एक लहानशी हिरवळ, म्हणजे लॉन, एवढंच राहिलं.

सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "अगं, जमिनीचं तोंडच बांधून टाकलंस. पाणी पिणार कुठून ती?" मी हसण्यावारी नेलं.

पहिल्याच पावसाळ्यात अंगणातलं पाणी नदीसारखं रस्त्यावर धावलं आणि शेजारणीच्या दारात साचलं. आणि उन्हाळ्यात ती हिरवळ जगवायला मी रोज संध्याकाळी हंडे ओतत बसले. कोबा इतका तापायचा की रात्री नऊ वाजता पाय ठेवला तरी चटका बसायचा. पाऊस पडला तो वाहून गेला आणि उन्हाळ्यात विकत पाणी आणून गवताला घातलं, असा आमचा उफराटा कारभार.

मग एक दिवस मुलीच्या वहीवर हिशेब मांडला. तुम्हीही मांडू शकता, सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आपल्या पालघर जिल्ह्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बऱ्याच ठिकाणी त्याहून जास्त. म्हणजे एक चौरस मीटरवर दोन हजार लिटर. आमची कोबा केलेली जागा एकशे चाळीस चौरस मीटर. एकशे चाळीस गुणिले दोन हजार म्हणजे दोन लाख ऐंशी हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर अठ्ठावीस टँकर पाणी माझ्या अंगणात पडलं आणि मी ते फाटकाबाहेर घालवलं. आता, जमीन मोकळी असती तर ते सगळंच मुरलं असतं असं नाही. काही वाहिलंच असतं, काही उन्हाने उडालं असतं. पण चांगला हिस्सा तरी राहिला असता.

दुसरा हिशेब हिरवळीचा. उन्हाळ्यात गवत हिरवं ठेवायचं तर एका चौरस मीटरला रोज पाच लिटरच्या आसपास पाणी लागतं. एक गुंठा म्हणजे शंभर चौरस मीटर. म्हणजे गुंठाभर हिरवळीला रोज पाचशे लिटर. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज पंचावन्न लिटर पाणी धरलं आहे. गुंठाभर गवत रोज नऊ माणसांचं पाणी पितं! आणि त्या गवतातून एक भाजीची जुडी निघत नाही, की बकरीला चारा होत नाही.

मैत्रिणींनो, आपल्या जिल्ह्याचं दुखणं वेगळंच आहे. पाऊस कमी म्हणून आपण तहानलेले नाही. मृगापासून दसऱ्यापर्यंत सगळा पाऊस येतो आणि पुढचे आठ महिने आभाळ कोरडं. डोंगराचा उतार, खाली काळा कातळ. पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत, तेवढंच. म्हणून जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर पावसाळ्यात डोळ्यांपुढचं दिसणार नाही असा पाऊस, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट. शेजारीच वैतरणेची धरणं आहेत, पण ते पाणी मुंबईला जातं.

आता नियमांचं बघू. नव्या घराभोवतीची जागा कशी ठेवावी याचे नियम जगात ठिकठिकाणी झाले आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्निया नावाचं राज्य आहे. तिथे वारंवार दुष्काळ पडतो. तिथल्या नियमाप्रमाणे नव्या घराभोवती पाचशे चौरस फूट किंवा त्याहून मोठी बाग करायची असेल, तर ती किती पाणी पिणार याचा हिशेब आधी दाखवावा लागतो. घराच्या बागेत साधारण पाव हिश्शाहून जास्त हिरवळ चालत नाही. सारखी तहान असलेली झाडं एकत्र लावायची आणि उघड्या मातीवर तीन इंच पालापाचोळ्याचं आच्छादन घालायचं. शेजारच्या नेवाडा राज्यात तर याहून पुढचं पाऊल टाकलं. तिथे २०२१ साली कायदा झाला की इमारतींपुढची, रस्त्याकडेची नुसती शोभेची हिरवळ २०२७ पासून कोलोरॅडो नदीच्या पाण्यावर जगवायची नाही.

आपल्याकडेही नियम आहे. राज्यातल्या बहुतेक भागांसाठी २०२० साली बांधकामाची एकत्रित नियमावली मंजूर झाली. तीत ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर नवं बांधकाम करताना पावसाचं पाणी साठवण्याची किंवा जिरवण्याची सोय करणं बंधनकारक आहे. ५०० चौरस मीटर म्हणजे जवळजवळ पाच गुंठे. बोईसर-पालघरला स्टेशनच्या आजूबाजूला ज्या मोठ्या इमारती उठतात, त्यांना तो लागू होतो. तुम्ही तिथे घर घेत असाल तर ती सोय कागदावरच आहे की खरोखर केली आहे, हे स्वतः जाऊन बघा. पाइप कुठे उतरतो, खड्डा कुठे आहे, तो साफ कोण करणार, हे विचारा.

पण आपलं घर? माझा भूखंड दोन गुंठ्यांचा. घरकुल योजनेतलं घर तर निदान २५ चौरस मीटरचं असावं एवढीच अट. पाच गुंठ्यांचा नियम आपल्या दाराशी येतच नाही. आणि गावात, पाड्यात नवी घरं होतात ती बहुतेक अशीच लहान. एका घराच्या कोब्याने विहीर आटत नाही, हे खरं. पण विहिरीच्या वरच्या अंगाला तीस घरं झाली आणि तीसही जणींनी माझ्यासारखं केलं, तर? म्हणून सरकारी नियम जिथे पोहोचत नाही, तिथे आपला नियम आपणच करायला हवा. आमच्या गटाने बसून सहा गोष्टी ठरवल्या. त्या तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट. पाया आखतानाच अंगण आखा. न्हाणी कुठे, मोरीचं पाणी कुठे निघणार, छपराची धार कुठे पडणार, हे गवंड्याला आधी सांगा. घर झाल्यावर फोडाफोडी करायला पैसे लागतात, तेच आधी दोन फूट पाइप इकडचा तिकडे केला तर काही खर्च नाही. अंगणाचा उतार रस्त्याकडे देऊ नका, परसाकडे द्या. पण भिंतीपासून पाच-सहा फूट तरी पाणी दूर न्या, पायाशी मुरू देऊ नका.

दुसरी गोष्ट. जिथे पाय पडतो तिथेच पक्कं करा. फाटकापासून ओट्यापर्यंत वाट, धुण्याची जागा, गाडी उभी राहते ती जागा. बाकीची जमीन मोकळी. चिखल नको असेल तर मुरूम आणि खडी दाबून घ्या, त्यातून पाणी मुरतं. किंवा फरशा टाका आणि मध्ये बोटभर फटी ठेवा. वाळवणापुरतं अंगण शेणाने सारवलेलं असलं तरी पुरतं. मी शेवटी घण घालून निम्मा कोबा फोडून घेतला. करायला एकदा पैसे गेले, फोडायला पुन्हा गेले.

तिसरी गोष्ट, छपराचं पाणी. अगदी २५ चौरस मीटरच्या घरकुलाच्या छपरावरही वर्षाला पन्नास हजार लिटर पाऊस पडतो. सांडून-उडून जाणारं वजा केलं तरी चाळीस हजार लिटर हाती लागतात. आगोटीच्या कामांत छप्पर झाडून घ्या, पन्हाळ बसवा. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी सोडून द्या, त्यात धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. मग ते पाणी झाकणाच्या टाकीत घ्या. टाकी भरली की जास्तीचं पाणी खड्ड्यात सोडा. जवळ विहीर असेल आणि तिच्यात पाणी सोडायचं असेल, तर फक्त छपराचं, आणि तेही वाळू-खडीच्या गाळणीतून. अंगणातलं, गोठ्याजवळचं पाणी विहिरीत कधी सोडू नका. आणि टाकीचं झाकण घट्ट हवं, नाहीतर डासांचा कारखानाच काढल्यासारखं होईल.

चौथी गोष्ट, न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी. पाच माणसांच्या घरात माणशी पंचावन्न लिटर धरले तर रोज पावणेतीनशे लिटर होतात. त्यातलं दोनशे लिटर तरी मोरीतून बाहेर पडतं. हीच आपली उन्हाळ्यातली बाग. मोरीच्या तोंडाशी एक लहान खड्डा करा, त्यात विटांचे तुकडे, मग खडी, वर जाड वाळू. वर भोकं पाडलेली जुनी बादली ठेवा म्हणजे खरकटं आणि केस अडतील. बादली दर चार दिवसांनी साफ करायची. तिथून पाणी चरातून केळी, अळू आणि कर्दळीला द्या. या तिघींना ओल आवडते. हे पाणी कोथिंबीर, मुळा, टोमॅटो अशा कच्च्या खायच्या भाजीवर शिंपडायचं नाही. कपड्यांच्या सोड्याचं पहिलं पाणी झाडांना नको, नंतरचं खळबळलेलं चालतं. बाग करायला जागाच नसेल तर शोषखड्डा करा, मीटरभर लांब, रुंद, खोल. तो विहिरीपासून पन्नास फूट तरी लांब हवा. कातळ लागला तर शोषखड्डा भरून वाहतो, मग केळीचा वाफाच बरा.

पाचवी गोष्ट, झाडं तहानेप्रमाणे लावा. कॅलिफोर्नियाचा नियम ऐकलात ना? आपल्या आज्यांना तो न शिकवता ठाऊक होता. न्हाणीमागे केळ आणि अळू, विहिरीच्या वाटेवर कढीपत्ता, मांडवावर तोंडलीचा वेल, कुंपणाला करवंद. म्हणजे जास्त तहानेचं झाड पाण्याजवळ, मधल्या तहानेचं मध्ये, आणि लांबच्या कडेला ज्यांना पावसाळ्यानंतर पाणी मागायची सवयच नाही ती. शेवगा, आवळा, सीताफळ, कोरफड, शतावरी. कुंपणाला अडुळसा आणि निरगुडी लावा, गुरं-बकऱ्या तोंड लावत नाहीत आणि खोकल्याला, सांधे दुखीला पाला घरचा. उताराच्या कडेला वाळा लावा, त्याची मुळं माती धरून ठेवतात. सावलीला बहावा, करंज, ताम्हण. ताम्हण तर आपल्या राज्याचं फूल. मोठी झाडं घराच्या भिंतीपासून पंधरा-वीस फूट लांब लावा.

शोभेची झाडं लावूच नका असं मी म्हणत नाही. दारात जास्वंद हवी, मोगरा हवा, तुळस तर हवीच. फक्त रोपवाटिकेत रोप घेताना विचारा, "याला एप्रिलमध्ये किती पाणी लागतं?"

सहावी गोष्ट, माती झाकून ठेवा आणि पाणी मुळाशी द्या. झाडाभोवती आळं करा, खोडापासून वीतभर जागा सोडून तीन-चार इंच पालापाचोळा किंवा भाताचा पेंढा पसरा. पाचोळा जाळून टाकायचा नाही, तेच झाडाचं पांघरूण. नव्या रोपाशेजारी एक मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा. त्याच्या बुडाला बारीक भोक पाडून सुती चिंधीची वात घाला. मडकं भरून वर झाकण ठेवा. मडकं हळूहळू पाझरतं आणि मुळं तिकडे वळतात. पाच लिटरच्या मडक्याला तीन-चार दिवसांनी पाणी घातलं तरी भागतं. सहा रोपांना मिळून दोन हंडे, तेही रोज नव्हे. आणि रोपं लावायची ती पाऊस सुरू झाल्यावर, जून-जुलैत. दोन उन्हाळे सांभाळली की पुढे ती आपली आपण जगतात.

आता तीन सावधगिऱ्या, कारण आपला जिल्हा सगळीकडे सारखा नाही.

ज्या किनाऱ्याला राहतात, केळवे, माहीम, सातपाटी, चिंचणी, डहाणू, त्यांनी विहिरीतून उन्हाळ्यात पंप लावून बागेसाठी भरमसाट पाणी ओढू नये. गोडं पाणी खाऱ्या पाण्याला मागे रेटून धरत असतं. गोडं पाणी उपसलं की खारं पाणी आत सरकतं, आणि एकदा खारावलेली विहीर गोडी व्हायला फार काळ जातो. तिथे पाऊस मुरवणं म्हणजे विहिरीची गोडी राखणं.

ज्या तारापूर औद्योगिक वसाहतीच्या आसपास राहतात, त्यांनी आधी पाणी तपासून घ्यावं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली गंभीर प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तीत तारापूर होतं. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याला रंग, वास, तेलकट तवंग असेल तर ते भाजीला घालू नका. उकळून रसायनं जात नाहीत. गावात बायकांना पाणी तपासायचं जे छोटं किट दिलेलं असतं, त्यात कारखान्यातली सगळी रसायनं कळत नाहीत. नमुना प्रयोगशाळेतच पाठवायला हवा. ग्रामपंचायतीला तसं लेखी द्या. आणि त्या भागातलं छपराचं पाणी वापरायला, झाडांना घ्या, प्यायला नको.

ज्या जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या डोंगराळ भागात आहेत, त्यांनी उताराला आडवे चर आणि लहान बांध घालावेत, म्हणजे पाणी पळणार नाही. परसातल्या सहा झाडांनी टँकर बंद होईल असं मी म्हणणार नाही. त्याला डोंगरावरची कामं हवीत, हक्काचं पाणी हवं, आणि ते मागत राहिलंच पाहिजे. पण टँकर आला की त्यातलं पाणी चुलीपुरतं आणि तोंडापुरतं राहावं, झाडाला घालायची वेळ येऊ नये, एवढं परसात करता येतं.

शेवटचं आणि महत्त्वाचं. एकटीने केलं तर ती हौस, गावाने केलं तर तो नियम. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार तुम्ही ऐकलं असेल. तिथे पाऊस आपल्या चौथा-पाचवा हिस्सा. पोपटराव पवार सरपंच असताना ग्रामसभेने ठरवलं की शेतीला बोअर घ्यायची नाही, आणि दरवर्षी पाणी मोजून मगच पिकं ठरवायची. बाहेरून कुणी पोलीस आणून तो नियम पाळून घेतला नाही. गावाने केला म्हणून गावाने पाळला.

आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असं कायद्यातच आहे. आपल्या जिल्ह्याचा मोठा भाग पेसा क्षेत्रात आहे, तिथे तर लहान जलसाठ्यांचं नियोजन गावाच्या हाती दिलेलं आहे. मग त्या महिला सभेत एक ठराव मांडा. मी मजकूर सांगते, कुणीतरी लिहून घ्या:

"आपल्या गावात यापुढे बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक घराने मोकळ्या जागेपैकी निम्म्याहून जास्त जागा पक्की करू नये. छपराचं पाणी साठवण्याची किंवा जिरवण्याची सोय करावी. मोरीचं पाणी रस्त्यावर न सोडता परसबागेत किंवा शोषखड्ड्यात सोडावं. पिण्याच्या विहिरीचं पाणी शोभेच्या हिरवळीला वापरू नये. शोषखड्डे आणि परसबागेसाठी ज्या सरकारी योजना असतील, त्यांची माहिती ग्रामसेवकांनी प्रत्येक घरकुल लाभार्थ्याला द्यावी."

पाच वाक्यं आहेत. आमच्या गटात यावर भांडणही झालं. एक जण म्हणाली, "माझी जागा, मी कोबा करीन नाहीतर संगमरवर घालीन." तिला आमच्यातल्या एका म्हातारीने विचारलं, "जागा तुझी, बाई. पण विहीर कुणाची?" त्यावर ती काही बोलली नाही. पुढल्या पावसाआधी तिच्याही छपराला पन्हाळ लागलं.

माझ्या घरी आता निम्मं अंगण मोकळं आहे. हिरवळीच्या जागी शेवगा आहे, त्याखाली कोरफड. न्हाणीमागे केळीचा घड लागला होता, तो गटाच्या बैठकीत सगळ्यांनी मिळून खाल्ला. पाऊस पडला की सासूबाई ओट्यावर बसून बघतात. पाणी खड्ड्यात उतरतं, बुडबुडे येतात. परवा म्हणाल्या, "आता पितेय बघ जमीन."

तर मैत्रिणींनो, यंदा ज्यांच्याकडे घराचं काम निघणार आहे, त्यांनी गवंड्याशी बोलायच्या आधी आपल्या अंगणात एकदा उभं राहून बघा. पाऊस कुठून येतो, कुठे जातो. ज्यांची घरं झाली आहेत, त्यांनी मोरीच्या तोंडापासून सुरुवात करा. आणि येत्या बैठकीत हे सगळ्यांना वाचून दाखवा.